तिनळी, मूळ स्थितीत

एखादी वस्तू स्वच्छ करू नका, एवढं एकच वाक्य लोकांच्या गळी उतरवण्यात माझा १९६७ सालचा अख्खा पावसाळा गेला, आणि शेवटी ते कुणाच्याच गळी उतरलं नाही. दोष लोकांचा नाही. एकतीस वर्षं ज्या तोंडाने मी ‘नखं काढा, पाटी पुसा, नाक शिंकरून या’ म्हणत आलो, त्याच तोंडाने ‘ही बंदूक पुसू नका’ म्हणायला लागल्यावर गुरुजींची तब्येत बरी नसावी, असंच ऐकणाऱ्याला वाटणार.

बंदूक माझी नव्हती. मी पासलीच्या शाळेचा मुख्याध्यापक. माझ्याकडे शस्त्र म्हणावं असा एक रूळ होता आणि तोही मी फक्त रेघा मारायला वापरत असे. बंदूक माझ्या पत्नीच्या, अंजनाच्या मामांची. सावळाराममामा भोर संस्थानच्या शिकारखात्यात नोकरीला होते. भाटघरच्या धरणावर काम केलेल्या कुणा गोऱ्या साहेबाने मायदेशी परतताना ती त्यांना भेट दिली होती. पुढे मामा वारले, परवान्याची मुदत संपली आणि बंदूक ठाण्यात जमा झाली. इथवर सगळं ठीक होतं. ठाण्यात पडलेल्या बंदुकीचा कुणाला त्रास नसतो.

त्रास सुरू झाला तो एका दातांच्या डॉक्टरांमुळे. पुण्याचे डॉक्टर पोतनीस मे महिन्यात तोरणा चढायला आले आणि उतरताना वाट चुकून पासलीत पोचले. टाचांना फोड आले होते. शाळेच्या ओट्यावर बसवून मी त्यांना पाणी दिलं, अंजनाने चहा दिला. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद आहे. त्यावर अंजना सहज म्हणाली, की आमच्या मामांची एक बंदूक होती, वर दोन नळ्या शेजारी शेजारी आणि खाली तिसरी, आणि दोन्ही बाजूंना चित्रं कोरलेली.

डॉक्टरांनी कपबशी खाली ठेवली. वरच्या दोन नळ्या छर्ऱ्यांच्या, पाखरांसाठी. खालची एका गोळीची, डुकरासाठी. शिकाऱ्याला पाखरू दिसो की डुक्कर, हातातलं हत्यार बदलावं लागू नये म्हणून एका कारागिराने एका बंदुकीत केलेली ही सोय. अशी बंदूक आपल्याकडे फार क्वचित सापडते, त्यातून हाताने कोरलेली तर नाहीच, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “कुणी साफ तर नाही ना केली?”

मी म्हटलं, ठाण्यात आहे, तिथे कोण साफ करतंय. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी फक्त पहिला नंबर आलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. ते म्हणाले, जुन्या वस्तूचा सगळा मान तिच्या मूळ स्थितीत असतो. पोलादावर काळानं चढवलेली झाक, नक्षीच्या रेघांत बसलेला मळ, दस्त्यावरचं हातांचं तेल, हे सगळं तसंच्या तसं पाहिजे. पुसली की गेली. दिवसभर लोकांना ‘घासा, घासा’ सांगणाऱ्या माणसाला न घासलेल्या वस्तूंचं एवढं वेड असावं, याची मला तेव्हा गंमत वाटली होती.

मग त्यांनी विचारलं, बंदूक मला द्याल का, आणि बदल्यात काय घ्याल? आणि स्वतःच म्हणाले, माझ्याकडे एक जर्मन सूक्ष्मदर्शक आहे, पितळी, शिसवी पेटीतला. शाळेच्या उपयोगी पडेल.

आता माझी अडचण समजून घ्या. मी पुढच्या वर्षी जूनमध्ये निवृत्त होणार होतो. एकतीस वर्षं मी मुलांना पाण्याच्या थेंबातले जीव शिकवत आलो, तेही पुस्तकातल्या चित्रावरून. चित्र करंगळीच्या नखाएवढं. ते मी फळ्यावर मोठं करून काढायचो, मुलं फळ्यावरून वहीत उतरवायची, आणि दरवर्षी त्या बिचाऱ्या जीवाला एखादा नवा अवयव फुटायचा. कुणी डोळे काढी, कुणी शेपूट. त्या वर्षी सहावीतल्या एकाने तर मिशा काढल्या होत्या. मला त्या मुलाला खोटं म्हणता आलं नाही, कारण मी तरी तो जीव कुठे पाहिला होता? सुट्टी संपून शाळा उघडताच मी वर्गात सांगून टाकलं, की मी निवृत्त होण्याआधी तुम्हाला थेंबातले जीव प्रत्यक्ष दाखवीन. शिक्षकाने मुलांना वचन देताना दोनदा विचार करावा, हे मी नव्या शिक्षकांना नेहमी सांगतो. स्वतः मात्र मी एकदाही केला नाही.

सुरुवात मामांच्या गावापासून, आंबवड्यापासून करावी लागली. बंदुकीची खरी वारस मामांची पत्नी, ठकुबाई मामी. तिचा अंगठा कागदावर हवा होता. मामीला मी सगळं नीट समजावलं. ती शांतपणे ऐकून घेत होती, आणि मग तिने विचारलं, की देवाला पुण्याला धाडायचं कारण काय. देव कोणता, ते मला कळेना. तेव्हा मामीने सांगितलं, की बंदुकीच्या उजव्या अंगाला घोड्यावर बसलेला खंडोबा आहे, त्याच्या पायाशी त्याचं कुत्रं आहे, आणि बंदूक ठाण्यात जाईपर्यंत तीस वर्षं दर रविवारी ती त्याला भंडारा वाहत आली होती. 

“मामी, तो परदेशातला शिकारी आहे,” मी म्हणालो. “त्याच्या डोक्यावर टोपी आहे, टोपीला पीस आहे.”

“पीस न्हाई, तुरा हाय,” मामी म्हणाली. “आन् सायबाला घोड्यामागं कुत्रं कशाला लागतंय? कुत्रं खंडोबालाच लागतं.”

शेवटी अंजनाने मधे पडून सांगितलं, की मामी, देव शाळेतल्या पोरांसाठी चाललाय. मामी म्हणाली, मग हे आधी सांगायचं. तिने अंगठा दिला, कागदाला थोडा भंडाराही लावला. तो पिवळा अंगठा पुढे भोरच्या कचेरीत चार टेबलांवर फिरला आणि प्रत्येकाने त्याबद्दल मला विचारलं.

कचेरीत बंदुकांच्या टेबलावर एक अत्यंत सज्जन कारकून होते. हे मी उपहासाने लिहीत नाही. त्यांनी मला दर वेळी खुर्ची दिली, आणि ती खुर्ची मी एकूण नऊ वेळा वापरली. त्यांच्यापुढचा छापील तक्ता असा होता, की बंदूक एकतर एकनळी किंवा दुनळी. नको ते खोडा. त्यांनी दोन्ही खोडलं आणि मग पुढे काय लिहायचं, याचा विचार करत आम्ही दोघं बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे पाहत बसलो. शेवटी त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर ‘तिनळी’ असं लिहिलं.

पुढच्या खेपेला साहेबांनी शेरा मारला होता, की छर्ऱ्यांच्या बंदुकीचा परवाना इथून मिळेल, गोळीच्या बंदुकीचा अर्ज पुण्याला जाईल. म्हणजे माझ्या बंदुकीचा वरचा मजला भोरच्या अखत्यारीत आणि तळमजला पुण्याच्या. मी विचारलं, की वरच्या दोन नळ्यांना आधी परवानगी मिळाली तर काय होईल? कारकून म्हणाले, मग तेवढ्या तुम्ही घेऊन जा. मी त्यांना शांतपणे, मुलांना आगगाडीचं गणित समजावतात तसं समजावलं, की तिन्ही नळ्या एकमेकींना कायमच्या जोडलेल्या आहेत. ते म्हणाले, “गुरुजी, ते मला कळतंय. पण ते लिहायला रकाना नाही.”

शेवटी श्रावणाच्या दोन टोकांना दोन परवानग्या आल्या. पुण्याची आधी आली. सगळा श्रावण मी कायद्याने फक्त खालच्या नळीचा मालक होतो.

इकडे पासलीत बातमी पसरली होती, की गुरुजी बंदूक आणणार. शेजारचा गेनू रोज संध्याकाळी येऊन बसू लागला. त्याच्या भातखाचरात रानडुकरं उतरत होती. बंदूक मारायला नाही, ती पुण्याला द्यायची आहे, असं मी त्याला सांगे. तो मान डोलवी आणि कोणत्या वाटेने डुकरं येतात ते मला काडीने जमिनीवर काढून दाखवी. समोरच्या घरातल्या सखूबाईंना वेगळी काळजी होती. त्यांच्या माहेरी म्हणे वीज कडाडली तशी भिंतीवरची बंदूक आपोआप उडाली होती. त्यासाठी बंदूक तांदळाच्या कणगीत उभी पुरावी, असा त्यांचा सल्ला होता. एका माणसाने करंजाचं तेल सुचवलं, दुसऱ्याने ताकाची निवळी. मी प्रत्येकाला एकच सांगत होतो: तिला काहीही लावायचं नाही. जशी आहे तशीच राहू द्यायची. गेनू एकदा न राहवून म्हणाला, “गुरुजी, माझ्या पोराला कानात मळ हाय म्हणून उभं केलंत तुमी. आन् बंदुकीचा मळ राखायचा म्हनता.”

मी म्हणालो, कान आणि बंदूक यांत फरक आहे. पण तो कोणता, ते मला लगेच सुचलं नाही.

भाद्रपद संपता संपता कारकुनांनी शेवटची हरकत काढली. बंदुकीवरची अक्षरं परदेशी लिपीत असल्यामुळे ओळख पटत नाही. ताबा देण्याआधी बंदुकीला ओळखीची खूण असणं जरूर आहे. हा कागद घेऊन मी ठाण्यात गेलो. तिथे हवालदार होता ज्ञानू. माझाच विद्यार्थी. चौथीपर्यंत त्याला उजवं-डावं कळत नव्हतं, आणि आता तो कवायत घेत होता. मला पाहताच उभा राहिला, माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि माझी सगळी कहाणी उभ्याउभ्याच ऐकून घेतली.

“गुरुजी, तुमी आता ह्याच्यापायी हेलपाटं घालू नका,” तो म्हणाला. “खुणेचं म्या बघतो. दसरा झाला की या आन् घेऊन जा.”

मी त्याला स्पष्ट बजावलं होतं, की बंदुकीला धक्का लावू नकोस. त्याने कानाला हात लावून सांगितलं, की धक्का सोडाच, वारासुद्धा लागू देणार नाही. मी समाधानाने एसटीत बसलो. विद्यार्थी मोठा होऊन आपल्या उपयोगी पडतो तेव्हा शिक्षकाला जे वाटतं ते मला वेल्ह्यापर्यंत वाटत होतं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मी आणि अंजना भोरला गेलो. ज्ञानूने आम्हाला आत नेलं. टेबलावर पांढऱ्या पंचाखाली काहीतरी लांबट झाकून ठेवलं होतं, शेजारी पेढ्यांचा पुडा होता. दोन शिपाईही उभे होते. ज्ञानूने पंचा उचलला.

त्या वस्तूवरून आलेली तिरीप माझ्या चष्म्यावर पडली आणि क्षणभर मला काहीच दिसलं नाही. मग दिसलं. खंडेनवमीला ठाण्यातल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली होती, आणि गुरुजींची बंदूक म्हणून ज्ञानूने हिच्यावर विशेष कष्ट घेतले होते. आधी विटकरीचा भुगा, मग राख, मग घासकागद. काळानं शंभर वर्षं चढवलेली झाक त्याने एका सुट्टीच्या दिवसात उतरवली होती. दस्त्याला ठाण्याच्या खिडक्यांना आणलेल्या तेलरंगाचा उरलेला हात दिला होता. नक्षी उठून दिसावी म्हणून रेघांत शेंदूर भरला होता. शिकारी, घोडा आणि कुत्रा, तिघेही केशरी झाले होते. आणि घोड्याच्या पोटाखालची मोकळी जागा वाया जाऊ नये म्हणून तिथे, आपण तांब्यांवर आणि परातींवर घालतो तशा ठिपक्यांच्या अक्षरांत, ठसठशीत नाव होतं: 

रा. ध. दसवडकर गुरुजी, मु. पासली. खंडेनवमी, शके १८८९.

“बाजारात भांड्यांवर नावं घालतो ना, त्याच्याकडनं घालून घेतलं,” ज्ञानू म्हणाला. “पयलं आडनाव चुकवत होता. म्या समोर बसलो. म्हनलं, अक्षर वळणदार काढ, गुरुजी बघनार हायत.”

अक्षर खरोखरच वळणदार होतं. ‘ध’ला गाठ होती, ‘ड’ ज्या मापाचा असावा त्या मापाचा होता. ज्ञानू माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता, पंचवीस वर्षांपूर्वी पाटी पुढे धरून पाहायचा तसाच. मी म्हणालो, “छान झालंय, ज्ञानू.” त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. आणि कचेरीतले सज्जन कारकून ती खूण पाहून इतके खूश झाले, की त्यांनी ताब्याच्या कागदावर एका दमात सही केली.

एसटीत बंदूक गोधडीत गुंडाळून आम्ही दोघांच्या मधे ठेवली होती. नसरापूर गेलं. मग अंजना म्हणाली, “आता निदान हरवली तर परत तरी येईल.”

त्यानंतरचे पंधरा दिवस मी जे केलं ते लिहायला मला लाज वाटते, पण मुलांनी वाचलं तर त्यांना उपयोग होईल म्हणून लिहितो. मी बंदूक पुन्हा जुनी करायला निघालो. आधी ती चुलीच्या वर धुराला टांगली. आठवड्याने तिला फक्त पिठल्याचा वास लागला. मग मला आठवलं, की लोखंडाला हिरड्याचं पाणी लागलं की काळं पडतं. लहानपणी आम्ही शाई अशीच करायचो. मी हिरडे उकळून तो काढा फडक्याने बंदुकीवर फिरवला. सकाळी बंदूक ठिकठिकाणी निळी-काळी झाली होती, आणि ठिपक्यांत काढा नेमका मुरल्यामुळे माझं नाव आता अंगणातूनही वाचता येत होतं.

फडकं हातात घेऊन मी तिथेच बसलो. उत्तर चुकल्यावर पाटी थुंकीने पुसून गुपचूप दुसरं उत्तर लिहिणारा मुलगा मी वर्गाच्या दारातून ओळखतो. त्याला मी मारत नाही, पण त्याच्याशी दिवसभर बोलत नाही. त्या दिवशी मी स्वतःशी बोललो नाही. संध्याकाळी डॉक्टरांना पत्र लिहिलं, की बंदूक मूळ स्थितीत राहिलेली नाही, ठरल्याप्रमाणे दिवाळीनंतर आपण येऊ नये. ते पत्र पुण्याला पोचण्याआधीच डॉक्टर निघाले होते.

दिवाळीनंतर रस्ता वाळला, की आमच्या गावाला दुपारची एक गाडी येत असे. तीच चार वाजता परत जाई. त्या गाडीतून डॉक्टर उतरले. काखेत शिसवी पेटी होती आणि ती त्यांनी तान्ह्या मुलासारखी धरली होती. पेटी मुलांनीही पाहिली. कोणी सांगितलं नसताना सहावी-सातवीची मुलं ओट्यावर रांगेत बसली. ओढ्याच्या डोहातलं पाणी काचेच्या बरणीत भरून त्यांनी आठ दिवस आधीच आणून ठेवलं होतं. रोज कोणीतरी त्यात डोकावून ‘अजून काय दिसत न्हाई’ असं सांगायचं.

मी डॉक्टरांना आत नेलं आणि गोधडी उलगडली.

डॉक्टरांनी खिशातलं छोटं भिंग काढून डोळ्याला लावलं. घोड्यापासून सुरुवात करून ते हळूहळू पोटाखाली आले. तिथे थांबले. ओठ हलवत सगळं नाव वाचलं, गावासकट. मग भिंग खिशात ठेवलं.

“हे कुणी केलं?”

हा प्रश्न मी वर्गात हजार वेळा विचारला आहे. उत्तर देणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं.

“मी,” मी म्हणालो. “माझंच नाव आहे.”

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी गोधडी बंदुकीवर पुन्हा ओढली. मग म्हणाले, की गुरुजी, एखाद्याचा पुढचा निरोगी दात कुणी काढून टाकावा, तसं वाटतंय. ही बंदूक आता मला घेता येणार नाही. माझ्या कपाटात सगळं मूळ स्थितीतलं आहे. त्यांनी पेटी पुन्हा काखेत घेतली. चारला अजून पाऊण तास होता, तरी ते निघाले. मी त्यांना ओट्यापर्यंत पोचवायला आलो. ओट्यावर एकवीस मुलं बसली होती.

मुलांना काय सांगायचं, याचा मी विचार करत होतो. माझ्याआधी रतन बोलली. रतन सातवीत होती. तिला प्रश्न पडला की तो पोटात राहत नसे.

“डॉक्टर, ह्याच्यातनं तुमाला काय काय दिसलं?”

डॉक्टर थबकले. म्हणाले, मी अजून पाहिलेलं नाही. कुलपाच्या खाचेवरची लाखेची मोहोर दाखवून त्यांनी तिला समजावलं, की ही मोहोर कारखान्यातून लागलेली आहे. पन्नास वर्षांत पेटी कुणीच उघडलेली नाही, म्हणूनच ती इतकी दुर्मीळ आहे. मोहोर फोडली की मूळ स्थिती गेली.

रतनने मोहोर नीट पाहिली. तिला डॉक्टरांचं बोलणं पटत होतं असं दिसलं, पण काहीतरी अडत होतं.

“मग आत यंत्र हाय, हे तुमाला कुनी सांगितलं?”

ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यानंतर आलेली शांतता मला ओळखीची होती. चांगला प्रश्न आला की वर्गात अशी शांतता पसरते. डॉक्टरांनी पेटीकडे पाहिलं, हलकेच ती कानाजवळ नेऊन हलवली. आत काहीतरी किंचित वाजलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

ते ओट्याच्या पायरीवर बसले. पेटी मांडीवर घेतली. अंगठा मोहोरेवरून फिरवला. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, चाकू आहे का? चाकू नव्हता. अंजनाने विळी आणली.

यंत्र आत होतं. पिवळंधमक, कापसाच्या गादीत निजलेलं. जे वाजत होतं ते काचेच्या पट्ट्यांचं पाकीट होतं, सुटलेलं. डॉक्टरांनी यंत्र ओट्याच्या कठड्यावर उभं केलं, आरसा उन्हाकडे फिरवला, बरणीतला एक थेंब काचेवर ठेवला आणि डोळा लावला. मुलं उठून त्यांच्यामागे उभी राहिली. डॉक्टर स्क्रू मागे-पुढे फिरवत होते. मग हात थांबला. डोळा मात्र निघेना. मुलांनी मनात अंक मोजायला सुरुवात केली, मग मोठ्याने. साठापर्यंत मोजून झाल्यावर रतन म्हणाली, “डॉक्टर, आता आमची पाळी हाय.”

ते चटकन बाजूला झाले. डोळा लाल झाला होता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “गुरुजी, याची मूळ स्थिती तर गेली.”

“माझ्याही बंदुकीची गेलीय,” मी म्हणालो.

“म्हणजे दोन्ही वस्तू आता सारख्याच.” त्यांनी थोडा विचार केला. “मग ठरल्याप्रमाणे अदलाबदल करायला हरकत नाही. परवान्याचं पुण्यात मी पाहतो.” आणि ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, पुन्हा पाहण्यासाठी. चार वाजता गाडीचा भोंगा वाजला. कंडक्टर डॉक्टरांना बोलवायला आला, काय चाललंय ते त्याने विचारलं, आणि तोही डॉक्टरांच्या मागे उभा राहिला. गेनू खाचरातून आला. सखूबाई आल्या, पण त्यांनी लांबूनच पाहिलं. यंत्र उडत नाही याची त्यांना खात्री नव्हती.

सगळ्यांचं झाल्यावर मी गेलो. ऊन कलतं झालं होतं. डोळा लावला तर आत नुसता पांढरा उजेड आणि माझ्याच पापण्या. मी स्क्रू फिरवला, उजेड गढूळ झाला. पुन्हा फिरवला. मुलं पाहत होती.

माझ्या हातावर एक छोटा हात आला.

“गुरुजी, घाई करू नका,” रतन म्हणाली. “दुसरा डोळा मिटा. आन् हळू फिरवा, आगदी हळू. दिसस्तवर थांबायचं.”

मी दुसरा डोळा मिटला. तिच्या बोटांबरोबर हळू फिरवत गेलो. उजेड निवळला. मधोमध काहीतरी पारदर्शक, पुस्तकातल्या चित्रासारखं अजिबात नसलेलं, स्वस्थ पडून होतं.

मी थांबलो. आणि ते हललं.